टाटा १२१० : पांढरा धूर गेला, काळा उतरला, निळा बाकी आहे

टाटा १२१० ट्रकच्या धुराचं काम आता सांगण्यासारखं झालंय म्हणून लिहितोय. इंजिन जुनं ६९२, म्हणजे ६ सिलिंडर, ९२ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), इनलाइन डिझेल पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा दट्ट्या, सगळे एका ओळीत), टर्बो वगैरे काही नाही. तक्रार अशी की सकाळी सेल्फ मारला की पांढरा धूर, डोळ्याला झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला, आणि माल भरून तुळजापूरच्या घाटाला लागलं की काळा धूर आणि गाडी ओढायचीच नाही. मधूनच निळसर पण दिसायचं, ते प्रकरण वेगळं आहे, शेवटी येतो त्याच्यावर.

पांढऱ्या धुराला सगळे एकच सांगतात, इंजिन गार आहे, तापलं की जाईल. थंडीच्या मुलखात ठीक आहे हो, पण मे महिन्यात सोलापुरात पहाटेसुद्धा घाम निघतो, तिथं गारठ्यामुळं डिझेल पेटत नाही हे मला पटतच नव्हतं. एवढ्या उबेत पांढरा धूर म्हणजे एक तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवेची दाब) गेलंय, नाहीतर नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड) नीट फवारत नाही, नाहीतर डिझेल उशिरा पडतंय. पिस्टन खाली निघाल्यावर डिझेल पडलं की त्याला पेटायला पुरेशी उष्णताच राहत नाही, ते तसंच धुकं होऊन सायलेन्सरमधून बाहेर येतं. पाणी जळत असतं तर इंजिन तापल्यावरही धूर राहिला असता आणि रेडिएटर उतरला असता, तसं काही नव्हतं.

पंपाला हात लावायच्या आधी हवा बघितली. अक्कलकोट रोडला टॉवेल-चादरीच्या कारखान्यांच्या आसपास गाडी उभी असते, ऑइलबाथ फिल्टरमध्ये (तेलात धूळ पकडणारा हवेचा फिल्टर) धुळीसोबत सुताचा भुसा असा बसला होता की तेलाचा पार चिखल. तो साफ केल्यावर काळा धूर थोडा कमी झाला, थोडाच. उन्हाळ्याचा पण हिशोब धरा, ४२ डिग्रीची हवा २० डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण ७ टक्के विरळ असते, पंप मात्र डिझेल तेवढंच ढकलतो, त्यामुळं दुपारच्या चढावर जरा काळं दिसणारच. पण मागचा मोटरसायकलवाला दिसेना एवढं नाही.

मग आयडलवर एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला करून बघितला. चांगल्या सिलिंडरचा नट सोडला की इंजिन लगेच अडखळतं, चार नंबरचा सोडला तर जवळजवळ काहीच फरक नाही, उलट टकटक कमी झाली आणि धूर पण. नोझल काढून टेस्टरवर लावलं तर फवाऱ्याच्या जागी धार, आणि दाब सोडल्यावर टोकाला थेंब लोंबतोय. इथं एक कळकळीचं सांगणं, टेस्टरवर फवारा बघताना बोट पुढं नेऊ नका, तो दाब कातडी फोडून डिझेल आत घालतो, वर जखम टाचणीएवढी दिसते पण ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो.

सगळी नोझलं करून घेतली, मॅन्युअलप्रमाणे प्रेशर लावलं. टकटक गेली, काळा धूर आणखी उतरला, पण सकाळचा पांढरा जसाच्या तसा. तेव्हा टायमिंगकडं, म्हणजे डिझेल नेमकं कधी पडतं तिकडं वळलो.

आमचे मेस्त्री म्हणाले, "पंप ढिला करा, आवाज ऐकत फिरवू." मी म्हटलं, मेस्त्री, तुमच्या कानावर विश्वास आहे, पण आधी सध्या कुठंय ते मोजू. एक नंबर कॉम्प्रेशनवर घेतला, म्हणजे सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह ओव्हरलॅपला (दोन्ही जरा जरा उघडे). पंपाच्या एक नंबरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून होल्डर परत बसवला, वर वाकडी नळी, ॲक्सिलरेटरचा लिव्हर फुलवर बांधला, स्टॉप मोकळा. हँड प्रायमर (डिझेल चढवायचा हातपंप) मारत राहिलं की नळीतून धार येते, इंजिन हळूहळू फिरवत गेलं की धारेचा थेंब होतो आणि मग थांबतो, प्लंजरनं (पंपातल्या दट्ट्यानं) पोर्ट, म्हणजे डिझेल आत यायचं भोक झाकलं ती डिलिव्हरीची सुरुवात. फिरवायचं मात्र इंजिन चालतं त्याच दिशेला. जास्त गेलं तर बरंच मागं नेऊन परत पुढं आणायचं, नाहीतर गिअरमधला खेळ मापात शिरतो.

थेंब थांबला तेव्हा मार्क टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) पार जवळ होता, मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा लई उशिरा. आता माझा अंदाज असा की चार नंबरचं नोझल खराब झाल्यावर टकटक सुरू झाली असणार आणि आधीच्या कुणीतरी ती दाबायला पंप मागं ढकलला. आवाज दबला, मालक खूश, पण सहाही सिलिंडरचं टायमिंग बिघडलं. असं काम बघितलं की जीव तुटतो, कारण रोग एका नोझलचा आणि शिक्षा अख्ख्या इंजिनाला. उशिरा जळणारं डिझेल एक्झॉस्टमध्ये उष्णता घेऊन जातं, ताकद कमी आणि खर्च जास्त.

पंप पुढं घेताना हे ध्यानात ठेवा की पंप क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, पंपावर १ डिग्री म्हणजे क्रँकवर २. त्यामुळं केसभर हलवायचं, आवळायचं, परत थेंब बघायचं. जास्त पुढं गेलं तर पिकअप छान वाटतो पण टणक ठोका येतो, आणि तो पिस्टन-बेअरिंग खातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला, अर्ध्या फेऱ्यात चालू, पांढरा धूर नाही. मेस्त्री नुसते सायलेन्सरजवळ उभे राहून बघत होते, मग म्हणाले, "नळी माझ्याकडं ठेवून जावा." घाटाला माल भरून नेली, गिअर पाडताना थोडा काळा झटका येतो, मग साफ.

आता निळा. तो लांब उतार इंजिनावर उतरून खाली ॲक्सिलरेटर दिला की येतो, सतत येत नाही, म्हणून पिस्टनच्या रिंगपेक्षा व्हॉल्व्ह गाईडवर (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) संशय जास्त. उतारावर गाईडमधून थोडं थोडं तेल खाली येऊन साचतं आणि ॲक्सिलरेटर दिला की जळतं. तरी हेड उतरवायच्या आधी सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेणार आहे. शिवाय टायमरच्या (वेग वाढला की डिझेल लवकर पाडणारा पंपाचा भाग) स्प्रिंगा तपासायच्या आहेत, कारण थेंबाचं टायमिंग उभ्या इंजिनाचं, वेगात टायमर किती पुढं नेतो ते त्यातून कळत नाही. कुणी ६९२ चा टायमर उघडला असेल तर स्प्रिंग आणि पिना किती झिजलेल्या निघाल्या ते सांगा.