गेमिंग पीसीचा एसएमपीएस बदलताना

गेम रंगात आला की पीसी फटकन बंद व्हायचा. हँग नाही, निळा स्क्रीन नाही, थेट अंधार. ऑफिसचं काम मात्र दिवसभर बिनतक्रार चालायचं. तापमान ठीक होतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर 41 ची नोंद होती, पण मशीन नीट शटडाउन न होता पडलं, एवढंच तिच्यावरून कळतं. संशय गेला तो जुन्या 500 वॉटच्या एसएमपीएसवर, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर. माझ्या आरटीएक्स 3070 या ग्राफिक कार्डासाठी एनव्हिडिया कंपनी 650 वॉटच्या एसएमपीएसची शिफारस करते. कार्डाचा आकडा 220 वॉटचा असला तरी क्षणभर ते त्याहून बरंच जास्त खेचतं आणि एसएमपीएस कमी पडला की स्वतःला वाचवायला बंद होतो.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. बॉक्सवरच्या मोठ्या आकड्यावर न जाता बाजूच्या स्टिकरवर 12 व्होल्टला किती अँपिअर लिहिलेत ते पाहिलं. चांगल्या 650 वॉटमध्ये ते 54 च्या आसपास असतात. बॉक्सवरच्या ब्रॉन्झ-गोल्ड अशा 80 प्लस शिक्क्यावरून वीज किती वाया जाते ते कळतं, आतला माल कसा आहे ते नाही. म्हणून वॉरंटीची वर्षं विचारली आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घेतला.

घरी आधी प्लग काढला, मग पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरलं. जुन्या वायरिंगचा फोटो काढला आणि सगळ्या केबल्स सोडवल्या. अगदी सगळ्या. भाऊ म्हणाला, "ताई, हार्ड डिस्कची राहू दे ना, तीच बसेल." बसतेही, धोका तिथेच आहे. मोड्युलर, म्हणजे एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या केबलचं मदरबोर्ड किंवा डिस्ककडचं टोक ठरलेल्या मापाचं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनला कोणता व्होल्टेज द्यायचा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. 5 व्होल्टच्या जागी 12 गेले तर डिस्क जागीच जळते, तिच्यावरच्या फोटोंसकट. या एका गोष्टीसाठी मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

कॅबिनेटला खाली जाळी आहे, म्हणून पंखा खालच्या बाजूला ठेवून चार स्क्रू बसवले. सीपीयूची 4+4 पिनची केबल आधी मागून वर ओढली, कारण नंतर तिथे हात जात नाही. मग 24 पिनची, खट्‌ आवाज येईपर्यंत. ग्राफिक कार्डाला दोन सॉकेट होते, त्यांना दोन वेगळ्या केबल्स दिल्या, एकाच केबलची दोन तोंडं नाही. सीपीयूची आणि कार्डाची 8 पिन दिसायला सारखी, पण खाचा वेगळ्या. जोर लावावा लागला तर केबल चुकीची आहे असं समजायचं.

जुन्या इमारतींमध्ये अर्थिंग तपासून घ्याच. कॅबिनेटला हात लावल्यावर आमच्याकडे झिणझिण्या यायच्या. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधून गळणारा करंट पत्र्यावर राहतो. नवा एसएमपीएस लावला म्हणून ते थांबणार नव्हतं. इलेक्ट्रिशियन काकांनी सॉकेटची तुटलेली अर्थ वायर जोडली, तेव्हाच थांबलं.

आता तोच गेम तासन्‌तास चालतो. उरलेल्या केबल्स पिशवीत घालून वर मॉडेलचं नाव लिहिलंय. जुन्या केबल्स जुन्या एसएमपीएसलाच बांधून ई-कचऱ्यासाठी वेगळ्या काढल्यात.