मचाणावरचा नोव्हेंबर

धनुष्य घेतलंय आणि हरणाच्या शिकारीला जाणार आहे, असं मी फोनवर सांगितलं तेव्हा आण्णांनी एवढंच विचारलं, "तिकडं परवानगी हाय न्हवं त्याला?"

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार म्हटलं की तुरुंगच आठवतो. कोल्हापूर संस्थानात काळविटांवर सोडायला चित्ते पाळायचे, दाजीपूरचं जंगल राजाचं शिकारीचं रान होतं, हे सगळं मी आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. पण मी आता अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्य भागात राहतो. राधानगरीकडे गवे उसात शिरतात, तशी इथे पांढऱ्या शेपटीची हरणं मक्यात शिरतात आणि रात्री गाड्यांसमोर येतात. शिकारीचे हंगाम सरकार आखून देतं. धनुष्यबाणाचा हंगाम इथे १९३४ मध्ये सॉक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) सुरू झाला.

कागदी काम सोपं निघालं. १९७३ पासून पुढे जन्मलेल्यांना शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम करावा लागतो. तो केला आणि लायसन्स काढलं. धनुष्याच्या लायसन्सवर अख्ख्या राज्यात मिळून शिंगवाला नर एकच.

अवघड निघालं ते धनुष्य. ऑफिसातल्या एकाकडून जुनं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य घेतलं आणि महिनाभर मागच्या अंगणात बाण मारत बसलो. वीस यार्डांवरून बाण लक्ष्याच्या डावीकडे जायचे नाहीतर थेट गवतात. शेवटी दुकानात गेलो. तिथल्या माणसाने मला दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटीशी खिडकी करायला लावली, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ म्हणाला आणि एकेक डोळा मिटायला सांगितला. मी उजव्या हाताचा, पण माझा डावा डोळा जोरकस, म्हणजे नेम धरणारा! चाळिशीपर्यंत हे कुणी सांगितलं नव्हतं. डाव्या हाताचं धनुष्य घेतलं, ओढ, म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर, पंचेचाळीस पौंडांवर लावली (हरणासाठी इथे किमान तीस लागते) आणि लहान मूल जेवायला शिकतं तसं सगळं पहिल्यापासून शिकलो. ऑगस्टअखेर वीस यार्डांवर बाण बशीएवढ्या जागेत बसू लागले. त्याहून लांब मारायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं.

जागा दिली एका म्हाताऱ्या दुग्धव्यावसायिकाने. त्याच्या मक्याच्या शेतामागे ओकचं रान आहे. "माझ्या गाईंना आणि कुंपणाला धक्का लावू नकोस," एवढीच त्याची अट. सोळा फुटांवर मचाण बांधलं. मचाण आपला शब्द, वस्तू मात्र वेगळी: पाट्यासारखी लोखंडी बैठक, खोडाला पट्ट्याने आवळलेली. जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत अंगातला पट्टा झाडावरच्या दोराला अडकवलेला हवा आणि धनुष्य मागाहून दोरीने वर ओढून घ्यायचं. इथल्या शिकाऱ्यांना हरणापेक्षा झाडावरून पडण्यानेच जास्त इजा होतात, हे वर्गात इतकं बजावलं होतं की मला स्वप्नंही पडण्याचीच पडायची.

आणि वारा. हरणाला तुम्ही दिसलात तर एखाद वेळ ते थबकून बघतं, वास आला की संपलं. आमच्या घरात रोज फोडणी होते. शिकारीचे कपडे महिनाभर गॅरेजबाहेर बंद पेटीत ठेवले तरी मला त्यांना हिंगाचा वास येतोय असंच वाटायचं. बायको म्हणाली, "त्या हरणाला काय कळणार हिंग म्हणजे काय?" तेच तर! न कळणारा वास म्हणजेच धोका. वारा मचाणाकडून मक्याकडे वाहत असला तर त्या दिवशी जायचंच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असे निम्मे शनिवार गेले.

ऑक्टोबरच्या मध्यात एक मादी पंधरा यार्डांवर आली. माझे गुडघे इतके थरथरले की बैठकीची साखळी वाजली. मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं, पुढचा खूर आपटला, पांढरी शेपटी उभारली आणि गेली. मला धनुष्य ओढायचं सुचलंसुद्धा नव्हतं.

त्यानंतर रान बदलायला लागलं. कोवळ्या झाडांच्या साली शिंगांनी सोलवटलेल्या, वाकलेल्या फांदीखाली खुरांनी उकरलेली ओली माती आणि तिला मुताचा उग्र दर्प. गावाकडे म्हैस माजावर येते म्हणतात, इथे नोव्हेंबरात सगळं रानच माजावर येतं. लोक थंडीचं नाव घेतात, पण हा माज आणतो लहान होत जाणारा दिवस. म्हणून ऊन असो की बर्फ, इथे त्याचा भर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपासच येतो. एरवी अंधाराशिवाय बाहेर न पडणारा नर भरदिवसा माद्यांचा माग काढत हिंडतो, खाणंपिणं विसरतो.

९ नोव्हेंबर, रविवार. पहाटे पाचला अंधारात मचाणावर चढलो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बाण मारता येतो, पण आठपर्यंत फक्त खारी. पायांची बोटं बधिर झाली होती. उतरावं असं मनात येतंय तोच पाचोळा जोरात वाजला. मादी धावत आली आणि गेलीसुद्धा. मागून डुकरासारखं गुरगुरत नर आला, नाक जमिनीला. आठ टोकांची शिंगं. त्याचं डोकं ओकच्या खोडाआड गेलं तेव्हा धनुष्य ओढलं. तो थांबेना. तोंडाने शेळीसारखं "म्याँ" केलं. तो थांबला. अठरा यार्ड, आडवा उभा. पुढच्या पायाच्या जरा मागे धनुष्यावरची नेमाची पिन टेकवली. बाण सुटल्याचं आठवत नाही, नुसता धप्प आवाज आठवतो.

तो उसळला आणि झाडीत घुसला. मग घड्याळ पाहिलं: आठ वाजून बावीस मिनिटं. बाण लागला की मागे धावायचं नाही, ही पहिली शिकवण. जखमी हरणाला पाठलागाची चाहूल लागली तर ते मैलभर जातं आणि हातचं निसटतं. निदान अर्धा तास बसायचं. मी ते अर्धा तास हुंदके देत बसलो होतो, हे इथे सांगून टाकतो. आनंद नव्हता आणि पश्चात्तापही म्हणता येणार नाही.

बाण मातीत रुतलेला मिळाला. त्यावरचं रक्त गुलाबी आणि फेसाळ, म्हणजे फुप्फुसं. काळपट आणि हिरवट असतं तर पोटात लागला असं समजून दुपार उलटेपर्यंत थांबावं लागलं असतं. पानापानांवरचे थेंब हेरत पुढे गेलो. सत्तर-ऐंशी पावलांवर तो पडला होता, डोळे उघडे. म्हातारा ट्रॅक्टर घेऊन आला, आतडी काढायला त्यानेच शिकवलं. माझे हात कोपरापर्यंत गरम झाले. संध्याकाळी फोनवरून नोंदणी केली. मिळालेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी पाचच्या आत करायची असते.

आता सगळं झालं असं वाटलं, पण नाही. २००२ पासून या भागातल्या हरणांत झिजवून मारणारा एक रोग आहे. प्रथिनं बिघडून मेंदू पोखरला जातो आणि ते प्रथिन शिजवूनही नष्ट होत नाही. माणसाला तो झाल्याची नोंद नाही, तरी बाधित हरीण खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. शिंगं कापून मानेसकट डोकं तपासणीच्या पेटीत टाकलं. मांस पाकिटांत भरून, नंबर घालून फ्रीजरमध्ये गेलं. सतरा दिवस बायको फ्रीजर उघडताना ते पाकीट बॉम्ब असल्यासारखी हात आखडून घ्यायची.

निकाल बुधवारी रात्री आला: रोग आढळला नाही. मी ताबडतोब एक पाकीट वितळायला काढलं.

"उद्या मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे," बायको म्हणाली.

पाकीट परत आत. दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंग, सगळं गाव टर्की खात होतं आणि आमच्याकडे घट मांडून पुरणपोळी.

शुक्रवारी कांदा-लसूण चटणी घालून सुकं केलं. या मांसाला चरबी जवळजवळ नसते, जी असते ती मेणासारखी टाळूला चिकटते, म्हणून आधीच खरवडून काढली. तेल मात्र मटणापेक्षा दीडपट घालावं लागलं. आण्णांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "रस्सा कुठाय?"