टोप, मांजर आणि पॅकरची दुरुस्ती

परवा रात्री साडेअकराला राजापूरकडच्या एका पोराचा फोन आला. आवाज एकदम खाली, शेजारच्या खोलीत कोणीतरी झोपलेलं असावं. "दादा, फाटला." काय फाटलं ते विचारायची गरज नव्हती. वर्षभर पैसे साठवून मागवलेला पॅकर, दुसरं काय. फोटो पाठव म्हटलं. बुडाशी, जिथे पट्ट्याची कड रुतते तिथे, बोटाच्या पेराएवढी चीर. "टाकू नको. सुपरग्लू तर अजिबात लावू नको. बाकी सकाळी सांगतो," म्हटलं आणि झोपलो. सकाळी टाइप करायला बसलो तर ते व्हॉट्सअ‍ॅपवर मावेना, म्हणून इथे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आम्ही ट्रान्स पुरुष चड्डीच्या आत पुढच्या बाजूला जो सिलिकॉनचा अवयव घालतो, अनेकदा पट्ट्याच्या रिंगेत अडकवून, तो पॅकर. त्यातच नळी आणि मागे पन्हळ असेल तर उभ्याने लघवी करता येते, त्याला एसटीपी म्हणतात. काहींना याची गरज वाटत नाही. मला वाटते. त्याच्याशिवाय धक्क्यावर जायचं तर मी लुंगी नेसून परीक्षेला बसल्यासारखा अवघडतो.

मी मालवण तालुक्यात राहतो, खाडीकाठच्या वाडीत. धंदा फायबरच्या होड्या दुरुस्त करायचा. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांखाली ठेवतात, आणि तेव्हाच माझ्याकडे गर्दी. तड गेलेली, जेलकोट म्हणजे वरचा गुळगुळीत थर उडालेला, खडकाला घासून बूड पातळ झालेलं. तेव्हा फाटलेलं-तुटलेलं जोडणं हा माझा रोजचा उद्योग. तरीही माझा पहिला पॅकर मी स्वतःच्या हाताने मारला.

तो स्वस्तातला होता. हाताला मऊ, जरासा तेलकट, वास प्लॅस्टिकच्या चपलेसारखा. मी इंटरनेटवर वाचलं की उकळून घ्यावा, आणि उकळला. तीन मिनिटांनी टोपात जे होतं त्याला आकार म्हणता येत नव्हता. तो सिलिकॉनचा नव्हताच. टीपीई नावाचं रबरासारखं प्लॅस्टिक असतं, ते उष्णतेने वितळतं, शिवाय त्याला बारीक छिद्रं असतात, त्यात घाम मुरतो आणि कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाही. असला पॅकर असेल तर कोमट पाणी, साबण, आणि काही महिन्यांनी रामराम. खरं सिलिकॉन दोनशे अंशांच्या आसपासची उष्णता सोसतं, उकळत्या पाण्याने त्याला काही होत नाही. त्यामुळे विकत घेताना रंग-रूप नंतर बघा, आधी माल कसला आहे ते विचारा. 'सिलिकॉनसारखा मऊ' असं लिहिलं असेल तर तो सिलिकॉन नाही, एवढं समजून जा.

दुसरा मात्र खरा होता. परदेशातून आला, कस्टमसकट साडेनऊ हजार पडले. कुरिअरवाला आला तेव्हा मी कामावर. आईने सही केली आणि त्याला म्हणाली, "झील कामार गेलो हा, माझ्याकडे दी." हे मला कुरिअरवाल्यानेच नंतर सांगितलं, सहज, बाकी काहीतरी बोलता बोलता. आई 'झील' म्हणजे मुलगा म्हणाली, 'चेडू' म्हणजे मुलगी नाही. घरात मला तोपर्यंत ती नावाने हाकही मारत नव्हती, 'अरे'ही नाही आणि 'अगे'ही नाही, नुसतं "आयकलंस?"

रोजची निगा सोपी आहे. घरी आल्यावर कोमट पाणी आणि बिनवासाचा साधा साबण, लहान मुलांचा चालतो. उटणं, डेटॉलचे घट्ट थेंब, भांड्याची पावडर, यातलं काही नको. सिलिकॉनला त्याचं फारसं काही वाटत नाही, पण मागे राहिलेला साबण दिवसभर घामात आपल्या चामडीला लागतो. एसटीपी असेल तर नळीत बाळाच्या बाटलीचा मऊ ब्रश घालायचा. लघवीचे क्षार आत पांढरे धरतात, त्याला एक वाटी व्हिनेगरमध्ये तीन वाट्या पाणी घालून पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचं आणि मग खळखळून धुवायचं. आमच्याकडे आंबट म्हटलं की हात आधी आगळाच्या बाटलीकडे जातो. तो आवरा. कोकमाचा रंग चढला तर तो तुमच्याबरोबर म्हातारा होईल.

समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुणं सगळे करतात. लोक विसरतात ती वाळू. पट्ट्याच्या शिवणीत चार कण अडकले की चालताना पॉलिश पेपरचं काम करतात. मी माझा पट्टा उलटा करून झटकतो, तरी दोन कण निघतातच.

आता पावडर. धुऊन सुकल्यावर सिलिकॉन हाताला चिकट लागतं, त्यावर कापूस, केस, धूळ बसते. म्हणून कॉर्नफ्लॉवरची चिमूट लावा, असं बहुतेक माहितीपत्रकांत असतं. ज्यांनी ती लिहिली त्यांनी जुलैत मालवण बघितलेलं नाही. इथे त्या दिवसांत पापड हातात घेतला तर वाकतो. कॉर्नफ्लॉवरची खळ होते, आणि ती खळ म्हणजे बुरशीला पंक्तीचं जेवण. माझ्या पॅकरवर पहिल्या पावसाळ्यात काळे ठिपके आले ते असेच. बुरशी सिलिकॉन खात नाही. ती खाते ते वरचं: पीठ, साबण, अंगाचं तेल. मी आता दसऱ्यापासून मेपर्यंत चिमूटभर लावतो, पावसात अजिबात नाही. पावसात धुतल्यावर सुती पंच्याने टिपतो, पंख्याखाली दोन तास ठेवतो आणि सुती पिशवीत घालतो. प्लॅस्टिकच्या डब्यात बंद केलात तर आतली ओल आतच राहते. माळ्यावर ठेवू नका, उंदीर आहेत. आणि खोबरेल लांब ठेवा. ते सिलिकॉनवर बसलं की जाता जात नाही, आणि पुढे कधी जोडायची वेळ आली तर सांधा धरत नाही.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे माझी फजिती.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात पंधरा दिवसांनी एकदा करतो तशी उकळायची वेळ आली. घरात गॅसवर रिकामा होता तो आईचा तिखल्याचा, म्हणजे माशाच्या तिखट कालवणाचा टोप. घासलेला होता, चकचकीत. मी तळाला फडकं घातलं (हे नेहमी घाला, नाहीतर तापलेल्या तळाला चिकटून डाग पडतो), पाणी ओतलं आणि पाच मिनिटं उकळलं. आई मागच्या दारातून आली. झाकण हलत होतं.

"काय शिजता ता?"

"काय नाय."

तिने झाकण उचललं, बघितलं, परत ठेवलं. "मोरी काय रे?" (मोरी म्हणजे आमच्याकडे लहान शार्क मासा) असं म्हणून बाहेर गेली आणि अंगणात एकटीच हसली. मी ऐकलं.

पॅकर बाहेर काढला तो हळदीच्या रंगाचा. टोप कितीही घासला तरी हळद आणि तेल कुठेतरी धरून बसलेलं असतं, आणि सिलिकॉन तर हळदीला आसुसलेलं. तुमच्या घरातला सिलिकॉनचा चमचा आठवा. शिवाय बांगड्याच्या तिखल्याचा वास. दोनदा धुतला, गेला नाही. हळद उन्हात विटते हे मला माहीत होतं, पांढऱ्या सदऱ्यावरचे डाग आम्ही तसेच घालवतो. म्हणून मागच्या पडवीच्या कठड्यावर, कोणाच्या नजरेला पडणार नाही असा, उन्हात ठेवला. दोन दिवसांत रंग खरोखरच उतरला.

तिसऱ्या दिवशी मनीला बांगड्याचा वास आला.

मी धावलो तेव्हा ती तो तोंडात धरून नारळाच्या आळ्याकडे निघालेली. सोडवून घेतला. वरवर काही दिसलं नाही, बुडाच्या कडेला दाताची दोन टोकं, टाचणीने टोचल्यासारखी. धुऊन वापरायला घेतला. तीच चूक. सिलिकॉन ताणलं तर खूप ताणतं, पण एकदा टवका गेला की त्या टोकापासून चीर चालू लागते, साडीला लागलेल्या खोंबाऱ्यासारखी. जून संपेपर्यंत एका दाताची चीर पाऊण इंच झाली.

फायबरवाला माणूस मी. आधी सुपरग्लू लावला. तो सुकून काचेसारखा कडक झाला आणि दुसऱ्या दिवशी खपली होऊन निघाला, जाताना मांडीला ओरखडा देऊन गेला. मग इपॉक्सी. तेही निघालं. मग रेझिन-हार्डनर घेऊन बसलो आणि हातात डबा असतानाच डोक्यात उजेड पडला. अरे, रेझिनच्या वस्तू ओतायला साचे सिलिकॉनचे का करतात? कारण रेझिन त्याला चिकटत नाही म्हणूनच ना! सिलिकॉनला फक्त सिलिकॉन धरतं. बारा वर्षं या धंद्यात काढून हे मला मांजराने शिकवलं.

हार्डवेअरच्या दुकानात सिलिकॉनची ट्यूब मिळते, खिडक्या आणि बेसिनच्या कडांना लावतात ती. ती लावू नका. बाथरूमसाठीच्या मालात बुरशी मारायचं औषध घातलेलं असतं, ते बेसिनला ठीक, आपल्या जांघेत नको. त्वचेला चालेल असं मेडिकल ग्रेडचं एकाच ट्यूबमधलं सिलिकॉन ॲडहेसिव्ह असतं, कृत्रिम अवयव बनवणारे वापरतात. मी ते मुंबईच्या मित्राकडून मागवलं.

जोडायच्या आधी पॅकर धुतला, उकळला (दुसऱ्या टोपात!), दिवसभर सुकवला. चिरेच्या दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असतं ते, त्याच्याकडून अर्धी बाटली आणली. आणि इथे होडीची सवय मोडावी लागते. होडीची तड आम्ही ग्राइंडर मारून रुंद करतो, म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आत बसते. सिलिकॉनला घासायचं नाही. फाटलेल्या दोन्ही कडा एकमेकांत उंचसखल बरोबर बसतात, ते तसंच ठेवायचं. दातकोरणीने आतपर्यंत पातळ थर लावला, अगदी टोकापर्यंत, कारण चीर पुढे चालते ती टोकातूनच. कडा जुळवल्या, बाहेर आलेलं बोटाने पुसलं. वरून प्लॅस्टिकच्या पिशवीची पट्टी दाबून धरली. पिशवीला हे चिकटत नाही. दहा मिनिटांनी पट्टी काढली.

घरभर आंबट वास सुटला. या प्रकारचं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, म्हणजे व्हिनेगरमधलंच. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काय आंबला रे?" आणि कालची आमटी हुंगायला गेली.

या कामात मजा वाटली ती हवेची. पावसात आमच्या रेझिनचे हाल होतात, ओल लागली की ते नीट धरत नाही, आम्ही ताडपत्री बांधून, बल्ब लावून काम करतो आणि आभाळाला शिव्या देतो. हे सिलिकॉन उलट हवेतल्या ओलीवरच सुकतं. वरची कातडी पंधरा-वीस मिनिटांत धरली. आत मात्र ते बाहेरून आत असं सरकत जातं, चोवीस तासांत दोन-तीन मिलिमीटर. म्हणून घाई नाही. वास पूर्ण जाईपर्यंत अंगाला लावायचं नाही. मी आठ दिवस थांबलो. बाहेर पाऊस धो धो, आणि मी पहिल्यांदाच त्याला मनातून म्हटलं, पड बाबा.

नुसता सांधा पुरला असता की नाही, शंका होती. म्हणून आतल्या, न दिसणाऱ्या बाजूने मच्छरदाणीचा रुपयाएवढा तुकडा त्याच सिलिकॉनमध्ये बुडवून बसवला आणि वर परत एक पातळ थर दिला. मॅटचं काम जाळीने केलं. जाळीची कड उघडी राहता कामा नये, ती टोचते. त्या सांध्याला आता वर्ष झालं. बोट फिरवलं तर कळतो, जरासा उंच आहे.

राजापूरच्या पोराला दोन गोष्टी वेगळ्या सांगायच्यात. तुझी चीर पट्ट्याच्या रिंगेमुळे आहे, तेव्हा जोडून परत त्याच रिंगेत घातलास तर शेजारून फाटेल. रिंग मोठी घे किंवा आतून सुती कापडाची घडी शिव. आणि दोन बाटल्यांतलं, मिसळून वापरायचं प्लॅटिनम सिलिकॉन कोणी दिलं तर हातात लेटेक्सचे मोजे घालू नको. मोज्यांतल्या गंधकामुळे ते सिलिकॉन धरतच नाही, चिकट लगदा राहतो. नायट्राइलचे निळे मोजे घे.

एसटीपीची पन्हळ आतून फाटली असेल तर मात्र मी जोडणार नाही. सांध्याच्या बारीक खाचेत लघवी राहते. आणि जांघेत लाल चट्टे, खाज, गजकर्णाचं कडं दिसलं तर दोष पॅकरचा की घामाचा यावर घरी वाद घालू नका, चामडीच्या डॉक्टरला दाखवा आणि तोवर तो पिशवीत राहू द्या. रात्री झोपताना तर काढाच. रात्री कोण बघतंय?

फेब्रुवारीत आई आंगणेवाडीच्या जत्रेला गेली होती. दुपारी परत आली, खाजं आणलं, शेजारणीला बांगड्या. मग पिशवीतून ॲल्युमिनियमचा एक लहान टोप काढला, झाकणासकट, आणि माझ्यासमोर ओट्यावर ठेवला.

"ह्यो तुझो. माझ्या टोपाक परत हात लावशीत तर बघ."