बाबा आणि गोदी
आज बाबांना घेऊन मुंबई बंदराच्या यलो गेटपाशी गेले होते. तीस वर्षं गोदीत काढली त्यांनी. निवृत्तीनंतर आज पहिल्यांदाच आले. तळहातावर माल उचलायच्या हुकाचा जुना वण अजून आहे. तोच हात भिंतीवर ठेवून बराच वेळ उभे राहिले.

१८८० ची प्रिन्सेस डॉक, शेजारी व्हिक्टोरिया. तिथेच १४ एप्रिल १९४४ ला ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं, पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या घेऊन.

आता या किनाऱ्यावर क्रूझ टर्मिनल, आणि मरिना म्हणजे हौशी बोटींचा धक्का, अशा योजना. पूर्वेचा समुद्र मुंबईकरांना खुला होणार, याचा मला मनापासून आनंद आहे. पण इथे घाम गाळलेल्या गोदी कामगारांचं नाव कुठेतरी कोरा हो!

परतताना टॅक्सीत बाबा म्हणाले, “भोंगा नाही वाजला गं आज.”