तुम्ही विचारलंत म्हणून: आजोबांची सायकल पुन्हा चालेल का?

गणपतीला चाकरमानी गावी आले की हा प्रश्न हमखास येतो. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलेलं असतं, माळा रिकामा करताना आजोबांची डबल बार सायकल खाली उतरते आणि विचारणा होते, "ही परत चालेल का, की भंगारात देऊ?" त्याला जोडून दुसरं असतं, "आता आपल्याकडे अशा सायकली कुणी चालवत नाही, जमवणारेही दिसत नाहीत. असं का झालं?" दोन्हींचं उत्तर एकच आहे. किनाऱ्यावर जुनी सायकल चालवली तरच टिकते. चालवणं थांबलं, म्हणून जमवणंही थांबलं.

घाटावरच्या कोरड्या हवेत सायकल भिंतीला टांगून ठेवली तरी वर्षानुवर्षं फारसं बिघडत नाही. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत तसं चालत नाही. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ लोखंडावर बसतं, ते हवेतला ओलावा धरून ठेवतं, आणि वर चार महिने पाऊस. उभ्या सायकलीतले छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) एकाच जागी बसून राहतात, ग्रीस सुकतं, छर्रे ज्यात फिरतात त्या कपात पाणी साचतं आणि छर्रा जिथे टेकलेला असतो तिथेच खड्डा पडतो. चालत्या सायकलीत ग्रीस फिरत राहतं, चेन कुरकुरली की मालक तेल घालतो, चिखल लागला की पुसतो. हौसेने दहा-बारा सायकली गोळा करून पडवीत ओळीने लावणाऱ्यांचं म्हणून नुकसान होतं. तीन पावसाळ्यांत सगळ्यांचे रिम तारांच्या भोकांपाशी फुगतात, आणि मग त्या सगळ्या एकदम विकायला निघतात. आमच्या मते इथे एका माणसाने दोनच सायकली ठेवाव्यात, पण दोन्ही आठवड्यातून दोनदा तरी फिरवाव्यात.

भंगारात द्यायच्या आधी आपल्याकडे काय आहे ते पाहून घ्या. डबल बार सायकल साधारण २० किलोची. किलोवर दिली तर हाती फार काही येत नाही, आणि गेलेली परत मिळत नाही. सर्वांत आधी चेनव्हीलची, म्हणजे पायडलपाशी चेन फिरते त्या दातेरी चाकाची, नक्षी पाहावी. रॅलेच्या नक्षीत बगळ्याची डोकी असतात, रजच्या नक्षीत हाताचा पंजा, हंबरच्या नक्षीत माणसांच्या आकृत्या. हँडलखालच्या बिल्ल्यावर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या असतील तर ती बीएसए. बिल्ल्यावर नॉटिंगहॅम असेल तर रॅले विलायतेहून आलेली, सेन-रॅले असेल तर आसनसोलची. हिंद सायकल आपल्या वरळीत बनायची. हर्क्युलिस मद्रासच्या टीआय कंपनीची असण्याची शक्यता मोठी. त्या कंपनीची सुरुवात १९४९ची. मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, 'एडब्ल्यू' कोरलेलं असेल तर ते स्टर्मी-आर्चरचं तीन गिअरचं हब. त्याच्याच बाजूला दोन आकडी साल ठोकलेलं असतं. ते सापडलं तर सायकलीचं वय शोधायला आणखी कुठे जावं लागत नाही. फक्त चाक मागाहून बदललेलं नाही ना, एवढं बघा.

रंग खरवडू नका. पावडर कोटिंगचा मोह तर अजिबात नको. त्यात सोनेरी रेघा, कंपनीची अक्षरं, मडगार्डावरचा पांढरा पट्टा सगळं जातं, आणि तेच तर जुनं असतं. गंजलेले नट, तारा, लिव्हर असे सुटे लोखंडी भाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यात ठेवता येतात: प्लॅस्टिकच्या टबात ४ लिटर पाण्याला ४ टेबलस्पून, एक रात्र. ते विषारी आहे. हातमोजे हवेत, उघड्यावर करायचं, मुलं-गुरं लांब ठेवायची. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून लगेच पुसायचं आणि त्याच तासात तेल लावायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत नवा गंज चढतो. पितळी बिल्ल्याला हे लागत नाही, त्याला घरचा चिंचेचा कोळ दोन मिनिटं पुरतो.

खोलायला घाई केली की सायकल मोडते, ती इथेच. सीटची दांडी, हँडलची दांडी, दोन्ही कॉटर पिना (पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, ॲक्सलला धरून ठेवणाऱ्या तिरक्या पिना) आणि खालचे कप यांना आठवडाभर रोज संध्याकाळी डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं मिसळून लावा. रॉकेल मिळालं तर उत्तम, पण आता ते मिळणं कठीण. हँडलची दांडी काढताना वरचा लांब बोल्ट तीन-चार फेरे सैल करून त्याच्या डोक्यावर लाकडी हातोडी मारायची, म्हणजे आतली पाचर खाली सरकते. हँडल पिळून काढू पाहणारा चिमटा वाकवून बसतो.

कॉटर पिनेवर थोडं थांबतो, कारण गावातल्या निम्म्या जुन्या सायकली या एका पिनेमुळे कायमच्या उभ्या आहेत. इंग्लिश क्रँकची पिन ९.५ मिमीची. नट काढून टाकू नका, तो पिनेच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल करा. क्रँकखाली जमिनीपर्यंत पोचेल असा लोखंडी पाइपाचा तुकडा उभा टेका, म्हणजे घाव छर्ऱ्यांवर न जाता जमिनीत जातो. मग जड हातोडीचा एकच नेमका घाव. भीत भीत वीस टिचक्या मारल्या की पिनेचं टोक पसरतं, आणि मग ती ड्रिल करूनच काढावी लागते. नवी पिन तशीच ठोकून चालत नाही. तिची तिरकी बाजू कानसून जुन्यासारखी करावी लागते, दोन्ही सारख्या. दोन्ही पिना उलट-सुलट बसवायच्या. एकाच दिशेने बसवल्या तर पायडल एका रेषेत येत नाहीत आणि चालवताना लंगडल्यासारखं होतं. नट ओढून पिन आत घेऊ नका, आटे जातात. आधी ठोकून बसवा, मग नट आवळा, आणि २०-३० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा ठोकून आवळा. हे शेवटचं काम विसरलं की पिन खेळते, झिजते, आणि पायडल मारताना 'टक्' असा आवाज यायला लागतो. लोक छर्रे बदलत बसतात, दोष पिनेचा असतो.

पायडलच्या खालच्या ॲक्सलचा उजवा कप उलट्या आट्यांचा असतो. तो फारसा झिजला नसेल तर हातच लावू नका, डाव्या बाजूने सगळं काढता येतं. प्रत्येक बाजूला पाव इंची ११ छर्रे. मागच्या हबला पाव इंचीच, पण बाजूला ९. पुढच्या हबला ३/१६ इंची, बाजूला १०. नवे आणि जुने एकत्र घालू नका. मोठा असेल त्याच्यावरच सगळा भार येतो आणि छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता भाग, म्हणजे कोन, तो खातो. रॅलेवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवा: बाजारातले कप इंचाला २४ आट्यांचे असतात, जुन्या रॅलेचे २६ आट्यांचे. नवा कप दोन फेरे जातो, मग घट्ट होतो, आणि पाना लांब करून जोर लावला की फ्रेमचेच आटे कापले जातात. अशा सायकलीचे जुने कप सोन्यासारखे सांभाळा.

ग्रीस कुठलं? बंदरावर होड्यांच्या शाफ्टला जे घालतात ते. कॅल्शियमचं ग्रीस पाण्याने सहज धुपत नाही, आणि मच्छीमारांना सामान पुरवणाऱ्या दुकानात सुटं मिळतं. फ्रेमच्या नळ्यांना आतून रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड अळशीचं तेल द्या: सीटच्या नळीतून अर्धी वाटी ओतायचं, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची, उरलेलं निथळून काढायचं आणि दोन-तीन दिवस वाळू द्यायचं. तेच तेल बाहेरून रंगावर आणि हँडलवर फडक्याने अगदी पातळ फिरवलं तर खाऱ्या हवेपासून बराच बचाव होतो. मात्र ते फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं, आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते पाण्याच्या बादलीत टाका.

टायरला अडचण नाही, आकडा तेवढा नीट वाचा. '२८ इंची' म्हणून मागितलं तर दोन वेगळ्या मापांपैकी कुठलंही हातात पडतं. डबल बारला २८ x १½ लागतं, ज्यावर ६३५ लिहिलेलं असतं. नव्या गिअरवाल्या सायकलींचं ६२२ असतं. फरक १३ मिलिमीटरचा, पण एकाचं टायर दुसऱ्याला बसत नाही. रिम बदलायचा झाला तर पुढे ३२ आणि मागे ४० भोकांचा मागा, आणि तारा शक्यतो स्टेनलेसच्या घाला.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. लोक म्हणतात, कोकणातले चढ या सायकलीवर होत नाहीत, स्कूटर आली आणि विषय संपला. चढाचं खरं आहे, पण त्यावर उपाय होता आणि तो फारसा कुणी केला नाही. ४८ दात्यांचं चेनव्हील आणि मागे १८ दात्यांची फ्रीव्हील अशी जोडी सपाट मुलखासाठी आहे. मागे २२ दात्यांची फ्रीव्हील घातली की पायडल जवळजवळ एक-पंचमांश हलकं होतं. चेन एखाद्या जोडकडीने लांबवावी लागते, मागचं चाक थोडं पुढे-मागे घ्यावं लागतं, बस्स. त्याने घाट चढता येणार नाही, पण बाजार ते वाडी हा रोजचा चढ न उतरता होतो. आणखी एक कारण आमच्या मते जास्त खरं आहे. २४ इंची फ्रेम पावणेसहा फुटांच्या माणसालाही बेताची होते. नळीखालून पाय घालून शिकणारी पोरं गेली, आणि आजचा मुलगा एवढी उंच सायकल पाहून मागे सरतो. खाली वाकलेल्या नळीची लेडीज सायकल जमवणारे नाकारतात. इथल्या रस्त्यांना तीच सगळ्यांत बरी, कारण चढावर चटकन उतरता येतं, उतारावर पाय पटकन टेकतो.

उतारावरून आठवलं: रॉड ब्रेक पावसात धरत नाहीत. ओल्या लोखंडी रिमवर जुनं कडक झालेलं रबर नुसतं घसरतं. रबरं दर दोन वर्षांनी बदला, रिमपासून सुमारे ३ मिलिमीटरवर ठेवा, आणि पंक्चर काढून चाक परत बसवल्यावर दोन्ही बाजूंचं अंतर सारखं आहे का ते पाहा. चाक वाकडं बसलं तर रबर रिमवरून सुटून तारांत अडकू शकतं. पावसात मोठा उतार आला तर उतरून चालत जा. आणि कितीही मोह झाला तरी पुळणीवर ओल्या वाळूत नेऊ नका. नागाव-रेवदंड्यासारखा वाडीतला सपाट रस्ता असताना चेनमध्ये मीठ भरण्यात काही अर्थ नाही.

वर्षाचं वेळापत्रक आपल्या पंचांगात बसतं. मृग लागायच्या आत चेनला जाड तेल, नळ्यांना अळशी. कातडी सीट काढून सुती कापडात गुंडाळून कपाटात, पावसापुरती तिच्या जागी साधी सीट. तिला खोबरेल लावू नका, कातडं ढिलं पडतं आणि बुरशी धरतं. पावसात सायकल बंद नको, उघडीप मिळेल तेव्हा फिरवायची आणि कोरडी पुसायची. मग खंडेनवमीला सगळं खोलायचं: हब, ॲक्सल, हँडलचे कप. पूर्वी दसऱ्याला सायकलीला झेंडूची माळ घालायच्या आधी तिला तेलपाणी व्हायचं.

सुटे भाग अजून मिळतात. कमी पडतायत ते हात. पंक्चरची दुकानं स्कूटरकडे वळली, आणि चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, नुसत्या बोटाने काढणारे मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. तुमच्या तालुक्याच्या गावी असा एखादा असेल तर सायकल त्याच्याकडे ठेवून निघून येऊ नका. दिवसभर बाजूला बसा, छर्रे मोजून हातात द्या, आऊट काढताना कुठली तार आवळली नि कुठली सैल केली ते पाहा. जाताना कॉटर पिना मात्र सोबत न्या. त्यांच्याकडे असतीलच असं नाही.