शाडूतले दुर्मीळ प्राणी : पाचवा, आय-आय

खवले मांजर जमलं म्हणून जरा अंगात आलं होतं. आय-आयनं ते उतरवलं.

हा मादागास्करचा लेमूर. निशाचर वानरगणात सर्वांत मोठा, वजन अडीच किलोच्या आसपास. पुढचे दात उंदरासारखे जन्मभर वाढतात, म्हणून सुरुवातीला शास्त्रज्ञांनी त्याला खारी-उंदरांच्या गोतावळ्यात ढकललं होतं. मी निम्म्या मापात करतोय. धड २० सेंटिमीटर, शेपूट त्याहून लांब.

पण खरी परीक्षा मधल्या बोटाची. काडीसारख्या या बोटानं तो फांदीवर टकटक करतो, कान लावून आतली पोकळी हेरतो, दातांनी भोक पाडतो आणि त्याच बोटानं अळी बाहेर ओढतो. खऱ्यात ते ८ सेंटिमीटरचं, म्हणजे माझं ४. तीनदा मोडलं. शेवटी गंगावेशीतल्या कुंभार गल्लीत गेलो. गणपतीची गडबड होती, तरी काकांनी हातात घेऊन बघितलं. "ह्ये मांजर हाय का वटवाघूळ?" मग म्हणाले, "तार घाल की आत. आनि माती कापूस घालून मळ."

लोखंडी तार ओल्या मातीत गंजते, म्हणून वायरिंगची उरलेली तांब्याची घेतली. माती वाळताना आकसते, तार आकसत नाही. जाड थर दिला की तडा ठरलेला. तारेवर दोरा गुंडाळून पातळ मातीचे ब्रशनं सहा हात दिले. टिकलं!

आणि मग चूक दिसली. स्वतःच्या हाताकडे बघत मधलं बोट सगळ्यांत लांब केलेलं. आय-आयचं चौथं लांब असतं. अख्खा पंजा तोडला. नव्या पंजाला मनगटाशी ज्वारीच्या दाण्याएवढा खोटा अंगठाही लावला. तो असतो हे २०१९ मध्ये उजेडात आलं, मग सोडायचा कशाला?

मादागास्करात काही गावांत हा दिसणं अशुभ मानतात, दिसला की मारतात. हे आईला सांगितलं नव्हतं, तरी तिनं मूर्ती देव्हाऱ्याजवळून उचलून जिन्याखाली ठेवली.

पावसामुळे आठ दिवस झाले तरी पोट ओलंच आहे. डाव्या कानाला केसाएवढी भेग गेलीय, ती रंगात झाकेन.

पुढचा साओला, गाय-बैलांच्या कुळातला लांब शिंगांचा जंगली प्राणी. १९९२ मध्ये व्हिएतनाममधल्या शिकाऱ्यांच्या घरांतल्या शिंगांवरून जगाला कळलेला, २०१३ नंतर जंगलात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांतही न दिसलेला. शिंगांचे फोटो मिळालेत. खुरांचा जवळून काढलेला कुणाकडे असेल तर पाठवा.