प्रोजेक्टरकडे तोंड करून बसा

प्रकाशाची शिल्पं करणाऱ्या अँथनी मॅकॉल या ब्रिटिश कलाकाराचं 'सॉलिड लाइट' हे प्रदर्शन २०२४ च्या जूनमध्ये लंडनला टेट मॉडर्न या आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये सुरू झालं आणि पुढच्या वर्षीपर्यंत चाललं, मी आईला घेऊन गेले होते आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलेय, म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकते. शिल्प म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दगड, ब्राँझ, फार तर लोखंड येतं आणि शेजारी 'हात लावू नये' ची पाटी. इथे मिट्ट काळोख्या खोल्या, आणि त्या काळोखात नुसते प्रकाशाचे आकार. शंकू, पडदे, लाटा. हात लावायचा, त्यांच्यातून चालत जायचं, वाटलं तर आत जाऊन उभं राहायचं.

सिंगल स्क्रीन थिएटरात ज्यांनी सिनेमे बघितलेत त्यांना आठवत असेल, डोक्यावरून प्रोजेक्टरचा झोत जायचा आणि त्यात धूळ आणि कुणीतरी चोरून ओढलेल्या बिडीचा धूर तरंगताना दिसायचा, आणि लहानपणी आपण मान वळवून पडद्याऐवजी तो झोतच बघत बसायचो. मॅकॉलने नेमका तो झोतच उचलला. पडद्यावरचं चित्र महत्त्वाचं नाही, हवेतून येणारा प्रकाश हेच काम.

त्याचं पहिलं असं काम म्हणजे १९७३ चं 'लाइन डिस्क्रायबिंग अ कोन'. इंग्लंडहून न्यूयॉर्कला बोटीने जाताना त्याला ही कल्पना सुचली म्हणतात. सुरुवातीला काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका असतो, बस. म्हणजे लेन्सपासून त्या ठिपक्यापर्यंत हवेत एकच बारीक किरण. मग ठिपका सरकायला लागतो, मागे रेघ ठेवत जातो, रेघेचा कंस होतो आणि तीस मिनिटांनी वर्तुळ पूर्ण होतं. पडद्यावर एवढंच. पण इकडे हवेत, रेघेचा प्रत्येक बिंदू लेन्सला जोडला गेलेला असल्यामुळे आधी किरण, मग वळत जाणारा पातळ पत्रा आणि शेवटी आडवा पडलेला, आतून पोकळ असा अख्खा शंकू तयार होतो. म्हणून पडद्याकडे पाठ करून प्रोजेक्टरकडे तोंड करायचं. खुर्च्या नाहीत. लोक उभे, काही जमिनीवर बसलेले, पोरं शंकूच्या आत बाहेर पळतायत, आणि कुणी कुणाला रागावत नाहीये.

आई दारातच थबकली. "अगं काही दिसत नाहीये मला, हात धर." धरला. डोळे जरा सरावल्यावर तिने तो प्रकाश बघितला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "हात लावू का गं?" म्हटलं लाव की. तिने तळवा उभा धरून त्या प्रकाशाच्या भिंतीत घातला. आणि जे झालं ते मला अजून लख्ख आठवतंय, तिच्या बोटांच्या मागे प्रकाशाला चिरा पडल्या, त्या चिरा सरळ पडद्यापर्यंत गेल्या आणि तिथली पांढरी रेघ तेवढ्याच जागी तुटली. हात काढला की भिंत परत सलग. जवळून बघितलं तर ती सपाट नसतेच, आत बारीक धुकं सतत फिरत असतं, दुधावरची साय हलते तसं ते त्या पृष्ठभागावर सरकत राहतं. तुम्ही नुसतं शेजारून चालत गेलात तरी वळणं बदलतात.

हे धुकं ही या सगळ्या कामामागची खरी गोष्ट आहे. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या जुन्या लॉफ्ट्समध्ये, म्हणजे गोदामा-कारखान्यांच्या मोठ्या मोकळ्या मजल्यांवर, हे शो व्हायचे तेव्हा तिथे धूळ भरपूर आणि सिगरेट ओढणारेही भरपूर, त्यामुळे प्रकाश आपोआप दिसायचा. मग मॅकॉल स्वीडनमधल्या एका म्युझियममध्ये हे दाखवायला गेला तर हवा इतकी स्वच्छ की काहीच दिसेना! नुसती पडद्यावर रेघ. पुढे सत्तरचं दशक संपता संपता त्याने कला करणंच थांबवलं, आणि जवळजवळ वीस वर्षं न्यूयॉर्कमध्ये कलेची पुस्तकं, कॅटलॉग वगैरेंचं ग्राफिक डिझाइन करत राहिला. दरम्यान धुक्याची मशीन्स आली, डिजिटल प्रोजेक्टर आले, आणि २००० नंतर तो परत कामाला लागला. मला हे फार भिडतं. कल्पना सत्तावीस वर्षांच्या वयात पूर्ण तयार होती, ती नीट दिसायला लागणारं सामान मात्र खूप नंतर आलं, आणि तो ते आल्यावर परत त्याच धाग्याला जाऊन लागला, दुसरं काहीतरी नवीन करून दाखवायच्या मागे नाही लागला.

या नंतरच्या कामांपैकी 'डबलिंग बॅक' (२००३) मध्ये दोन लाटा एकमेकींतून इतक्या सावकाश सरकतात की हललेलं कळत नाही, फक्त थोड्या वेळाने बघावं तर तुम्ही बाहेर उभे होतात ते आता आत आहात. ही खोली मला सगळ्यात आवडली. 'फेस टू फेस' (२०१३) पण सुंदर. 'स्प्लिट सेकंड (मिरर)' (२०१८) मध्ये आरसा प्रकाश कापून परत फेकतो, दिसायला जबरदस्त, पण तिथे युक्ती आधी लक्षात येते आणि मन नंतर पोचतं असं मला वाटलं. याउलट तो १९७३ चा शंकू, त्यात काहीही लपवलेलं नाही, एक वर्तुळ काढलं जातंय एवढंच, तरी त्याच्यासमोर बाकी सगळं थोडं लहान वाटतं.

'अ‍ॅबस्ट्रॅक्ट आपल्याला कळत नाही' असं म्हणणारे आपल्याकडे खूप आहेत, आमच्या घरीच आहेत. आईसुद्धा त्यातलीच. ती पूर्ण तीस मिनिटं बसली, मधे एकदाच म्हणाली, "आता थोडंच राहिलंय बघ जुळायला." तिला काय कळायचं राहिलं होतं सांगा बरं? आकार डोळ्यासमोर घडत होता आणि ती त्याच्या आत बसली होती.

वाईट एवढंच वाटलं की बरेच जण पाच मिनिटांत फोटो काढून निघून जात होते. शिवाय मोबाइलचा स्क्रीन पेटला की आजूबाजूच्या सगळ्यांच्या सरावलेल्या डोळ्यांची वाट लागते, फोटोत तर ते काही येत पण नाही, सपाट पांढरा त्रिकोण दिसतो फक्त.

तर त्याचं काम तुमच्या जवळपास कुठे लागलं तर जा. शंकू ठिपक्यापासून सुरू होईल तेव्हाच आत शिरा, मधूनच नको. मुलांना न्या, त्यांना काहीही समजावून सांगावं लागत नाही. आजीआजोबांचा हात धरा, खोल्या खरंच काळोख्या असतात. आणि जाड कोट, पिशव्या सगळं बाहेर ठेवून जा, जमिनीवर बसायचंय.